सेमिनोलचं दार उघडलं तो रविवार

१७ मे २०२०. टाळेबंदीचा तिसरा टप्पा त्या रात्री संपणार होता आणि चौथ्याचे नियम काय असतील याकडे खानदेशातल्या पारोळ्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचे कान लागले होते. कोणती दुकानं उघडणार, एसटी कधी सुटणार, मुलांच्या परीक्षांचं काय होणार, घराघरांत हेच विषय. पारोळ्यावरून जाणाऱ्या सुरत–नागपूर महामार्गावर एरवी ट्रकची रीघ असते. त्या दिवसांत त्याच रस्त्याने डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन पायी निघालेली माणसं दिसत होती. संध्याकाळी केंद्र सरकारचा आदेश आला. त्यात एक बारीकसं कलम होतं आणि त्या धामधुमीत ते फारसं कुणी वाचलं नसेल. क्रीडासंकुलं आणि स्टेडियम उघडायला परवानगी, प्रेक्षकांना मात्र बंदी.

आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले, तेव्हा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात रविवारची दुपार होती. तिथे अटलांटिक महासागराच्या काठावर, जुनो बीच नावाच्या लहानशा गावी, चार गोल्फपटू आपापली बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन मैदानात उतरत होते. प्रेक्षक एकही नव्हता. टाळ्या नव्हत्या, तिकीटखिडकी नव्हती. होते ते मोजके कॅमेरे, समुद्रावरचा वारा, आणि ९१ वर्षांत टीव्हीच्या थेट प्रक्षेपणाला कधीच आत न घेतलेलं एक मैदान. सेमिनोल गोल्फ क्लब.

सामन्याचं नाव ‘टेलरमेड ड्रायव्हिंग रिलीफ’. एका बाजूला जगात पहिल्या क्रमांकावर असलेला उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय आणि अमेरिकेचा डस्टिन जॉन्सन. दुसऱ्या बाजूला रिकी फाउलर आणि एकवीस वर्षांचा मॅथ्यू वुल्फ, दोघेही ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे. जिंकलेला पैसा कुणाच्याही खिशात जाणार नव्हता. तो परिचारिकांसाठी, साथरोगाशी लढणाऱ्या संस्थांसाठी आणि दवाखान्यांत राबणाऱ्यांच्या जेवणासाठी होता.

अशा काळात खेळ कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो अगदी रास्त होता. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल महिनाभर रुग्णवाहिकांचे भोंगे थांबले नव्हते. मुंबईत खाटा कमी पडत होत्या. पण घरात कोंडलेल्या माणसाला बातम्यांपलीकडचं काहीतरी हवं असतं, हेही तितकंच खरं. आपल्याकडे दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची मालिका बघायला तीन-तीन पिढ्या एका खोलीत बसल्या. खेळाच्या वाहिन्यांवर तर जुन्या सामन्यांशिवाय काहीच उरलं नव्हतं. मार्चमध्ये मुंबईच्या वानखेडेवर सचिन, लारा वगैरे जुन्या खेळाडूंची रस्ते सुरक्षेसाठीची क्रिकेट मालिका सुरू झाली होती, ती १२ मार्चला अर्ध्यावर थांबवावी लागली. नेमक्या त्याच दिवशी फ्लोरिडात पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेने ‘प्लेअर्स’ ही आपली मोठी स्पर्धा पहिल्या फेरीनंतर गुंडाळली. तिथून पुढे दोन महिने अमेरिकेच्या टीव्हीवर मोठं, थेट गोल्फ नव्हतंच.

मग गोल्फला एवढ्या लवकर डोकं वर कसं काढता आलं? उत्तर या खेळाच्या घडणीतच आहे. कबड्डीत अंगाला अंग भिडतं, फुटबॉलमध्ये बावीस जण एका चेंडूमागे धावतात, कुस्तीचं तर बोलायलाच नको. गोल्फमध्ये प्रत्येकाचा चेंडू वेगळा, काठ्या वेगळ्या, आणि मैदान शंभर-दीडशे एकरांचं. दोन खेळाडूंमध्ये सहा फुटांचं अंतर ठेवा, असं सांगावंही लागत नाही. एकमेकांच्या वस्तूंना हात लागतो तो तीनच ठिकाणी. होलमध्ये उभा असलेला झेंड्याचा दांडा, वाळूच्या खड्ड्यातले पाय पुसून टाकण्याचा दाताळा, आणि खेळाडूची बॅग वाहणारा कॅडी. सेमिनोलवर या तिन्हींचा बंदोबस्त केला गेला. दांडा आणि दाताळा हाताळायचं काम नियमाधिकाऱ्याकडे गेलं, आणि कॅडींना बोलावलंच नाही. कोट्यवधी डॉलर कमावणारे हे चौघे अर्धी चड्डी घालून, घामाघूम होत, आपापल्या बॅगा वाहत अठरा होल चालले. मोठ्या स्पर्धांत एरवी असं दृश्य दिसत नाही. कॉलेजच्या पोरांसारखे दिसत होते ते, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच आपले वाटत होते.

प्रक्षेपणही तसंच काटकसरीचं. मुख्य समालोचक माइक टिरिको मिशिगनमधल्या आपल्या घरून बोलत होता, बाकीचे काही जण तिसऱ्याच गावी स्टुडिओत बसले होते, मैदानावर बोटांवर मोजण्याइतकी माणसं. खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन होते. गर्दीचा गोंगाट नसल्यामुळे काठीचा चेंडूवर बसलेला टणत्कार, वाळूवर पडलेलं पाऊल, आपसांतली चेष्टामस्करी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मध्येच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी फोनवरून प्रक्षेपणात हजेरी लावली, अभिनेता बिल मरे यानेही लावली.

आता पैशाचं गणित, कारण सामन्याची रंगत त्यातच होती. पद्धत होती ‘स्किन्स’. नेहमीच्या गोल्फमध्ये अठरा होलचे मिळून फटके मोजतात. स्किन्समध्ये प्रत्येक होल हा स्वतंत्र डाव आणि त्याला स्वतंत्र इनाम. जोडीतले दोघेही आपापला चेंडू खेळतात, त्यातला कमी फटक्यांचा आकडा जोडीचा धरतात. एक जोडी सरस ठरली तर इनाम तिचं. बरोबरी झाली तर कुणालाच काही नाही. यात्रेच्या फडात कुस्ती निकाली निघाली नाही म्हणून तिचं इनाम पुढच्या जोडीवर चढवावं, तशी ती रक्कम पुढच्या होलवर जाते. सेमिनोलवर पहिल्या सहा होलना प्रत्येकी ५० हजार डॉलर लावले होते, सातपासून सोळापर्यंत प्रत्येकी एक लाख, सतराव्याला दोन लाख आणि अठराव्याला पाच लाख. एकूण वीस लाख डॉलर. शिवाय दोन्ही जोड्यांच्या संस्थांना पाच-पाच लाख आधीच बाजूला काढून ठेवलेले. हे तीस लाख युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा उद्योगसमूहाचे. मॅकिलरॉय-जॉन्सन जिंकतील ते अमेरिकन नर्सेस फाउंडेशनला, फाउलर-वुल्फ जिंकतील ते साथरोगांशी लढणाऱ्या सीडीसी फाउंडेशनला. बर्डी आणि ईगल, म्हणजे ठरल्यापेक्षा एक किंवा दोन फटके वाचवून पूर्ण केलेल्या होलसाठी आणखी एका विमा कंपनीचा निधी होता. तो ‘ऑफ देअर प्लेट’ या उपक्रमाला जाणार होता. या उपक्रमाची कल्पना साधी आणि नेटकी होती. टाळेबंदीत रिकाम्या बसलेल्या हॉटेलांतल्या स्वयंपाक्यांना पगार देऊन कामाला लावायचं आणि त्यांनी केलेलं जेवण दवाखान्यांतल्या डॉक्टर-परिचारिकांना पोचवायचं. मुंबईत ताज हॉटेलच्या स्वयंपाकघरांतून सरकारी रुग्णालयांत डबे जात होते ते याच सुमारास, आणि राज्यात शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली तीही याच दिवसांत.

पण सामना बघणाऱ्या अमेरिकी गोल्फवेड्यांपैकी अनेकांचं लक्ष गुणफलकापेक्षा जमिनीवर होतं. सेमिनोलचं नाव त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. आतून पाहिलेलं असण्याची शक्यता फार कमी, कारण हा अमेरिकेतल्या सर्वांत बंदिस्त क्लबांपैकी एक. सभासदत्व मागून मिळत नाही.

हे मैदान १९२९ मध्ये खुलं झालं. शेअरबाजार कोसळला तेच वर्ष, आणि क्लब उभा करणारा माणूस शेअरबाजारातलाच, एडवर्ड हटन. त्याची तेव्हाची पत्नी मार्जोरी मेरीवेदर पोस्ट हिने जवळच पाम बीचला मार-अ-लागो नावाचा प्रासाद बांधला होता. पुढे तो ट्रम्प यांच्याकडे गेला. मैदानाची आखणी केली डोनाल्ड रॉस यांनी. रॉस मूळचे स्कॉटलंडचे, डॉर्नॉक या समुद्रकाठच्या गावात १८७२ साली जन्मलेले. तिथल्या वाळूच्या टेकाडांवर ते गोल्फ शिकले आणि १८९९ मध्ये अमेरिकेत आले. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांच्या नावावर चारशेच्या आसपास मैदानं जमा झाली.

जुनो बीचची ती जमीन अवघड होती. समुद्राच्या बाजूला वाळूचा एक लांब उंचवटा, आत जमिनीकडे दुसरा, आणि मधे सखल, पाणी धरणारा दलदलीचा पट्टा. दुसऱ्या एखाद्याने दलदल भरून सपाटी केली असती. चेंडू उंचावरून मारण्यासाठी आणि होलच्या शेवटची हिरवळ उंचावर बसवण्यासाठी रॉस यांनी दोन्ही उंचवट्यांचा पुन:पुन्हा उपयोग केला, खेळाडूला मधल्या सखल भागातून ये-जा करायला लावलं आणि पाण्याला वाट काढून दिली. त्यांची खरी करामत वेगळीच आहे. होलची दिशा सतत बदलत राहते. एका होलवर वारा तोंडावर, पुढच्यावर उजव्या खांद्याला, त्याच्या पुढच्यावर पाठीशी. समुद्रावरचा वारा दिवसभर वाहतोच, त्यामुळे खेळाडूला एकदा जमलेला अंदाज दहा मिनिटांनी कामाला येत नाही. वाळूचे खड्डे पावणेदोनशेच्या वर. सहाव्या होलवर ते तिरप्या रांगेत हिरवळीकडे सरकत जातात, आणि खेळाडूने किती धाडस करायचं ते त्यालाच ठरवायला लावतात.

सामन्याच्या आकाशचित्रणात हे सगळं उलगडून दिसलं. हिरव्या-पिवळ्या गवतात पांढऱ्या वाळूचे ओघळ, एका कडेला निळा समुद्र, आणि कुठेही तंबू नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, माणसांच्या भिंती नाहीत. मोठ्या स्पर्धांत मैदान गर्दीखाली झाकलं जातं. इथे रॉस यांची रेघ न् रेघ वाचता येत होती.

बेन होगन हा गेल्या शतकातला महान गोल्फपटू दरवर्षी मास्टर्स स्पर्धेआधी साधारण महिनाभर सेमिनोलवर येऊन सराव करत असे.  मॅकिलरॉयला मैदान ओळखीचं होतं, कारण त्याचे वडील इथले सभासद. बेलफास्टजवळच्या हॉलिवूड गावात मुलाचं गोल्फ चालावं म्हणून एकापेक्षा जास्त नोकऱ्या करणारे गेरी मॅकिलरॉय पुढे सेमिनोलचे सभासद झाले, ही गोष्टही स्वतंत्र लिहिण्याजोगी आहे.

मग एवढं बंद दार उघडलं कसं? त्यासाठी क्लबच्या तेव्हाच्या अध्यक्षांकडे, जिमी डन यांच्याकडे वळावं लागतं. डन हे न्यूयॉर्कच्या सँडलर ओ’नील या गुंतवणूक पेढीचे भागीदार होते. पेढीचं कार्यालय वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात, १०४व्या मजल्यावर होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी डन तिथे नव्हते. हौशी खेळाडूंच्या एका राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी खेळायला ते शहराबाहेरच्या गोल्फ मैदानावर गेले होते. विमानं आदळली ती बातमी त्यांना मैदानावर कळली. पेढीच्या १७१ माणसांपैकी ६६ जण त्या दिवशी गेले. त्यात त्यांचे सर्वांत जवळचे दोघे वरिष्ठ सहकारी होते.

पेढी बंद करून घरी बसता आलं असतं. डन यांनी ती उभी ठेवली. गेलेल्या प्रत्येकाच्या घरी वर्षअखेरपर्यंत पगार आणि बोनस पोचेल, कुटुंबाचा आरोग्यविमा पुढे वर्षानुवर्षं चालू राहील, असं पाहिलं. मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा निधी उभा राहिला. गोल्फच्या एका फेरीने ज्याचा जीव वाचवला, त्या माणसाकडे एकोणीस वर्षांनी आणखी एक संकट आणि गोल्फची आणखी एक फेरी चालून आली, आणि त्याने होकार दिला. क्लबचे सभासद प्रसिद्धीला नाक मुरडणारे. तरी कॅमेरे आत आले. हा होकार या सामन्यातला सर्वांत मोलाचा भाग मानायला हवा. कंपन्यांच्या जाहिरातखात्यात मोठे आकडे असतातच. ९१ वर्षं जपलेला एकांत मात्र पुन्हा विकत घेता येत नाही.

खेळ सुरुवातीला गंजलेलाच होता. जॉन्सन मार्चपासून स्पर्धेत उतरला नव्हता आणि ते त्याच्या फटक्यांत दिसत होतं. फाउलर मात्र सात बर्डी करून गेला. लोकांना खरा लळा लागला तो वुल्फचा. चेंडू मारण्याआधी कमरेला विचित्र हिसका देणारा हा पोरगा लांब फटक्यांच्या दोन्ही खास होलवर सगळ्यांच्या पुढे राहिला. त्यातला एक फटका ३६८ यार्ड गेला, म्हणजे सुमारे ३३६ मीटर. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूशी तो बरोबरीने थट्टा करत होता.

तेराव्या होलपासून कुणीच कुणाला हटेना. तेरा, चौदा, पंधरा, सोळा बरोबरीत. सतरा बरोबरीत. पाच लाखांचा अठरावाही बरोबरीत. सहा होलची रक्कम साचून अकरा लाख डॉलर झाली, तेव्हाच्या भावाने सव्वाआठ कोटी रुपये. तोवरच्या हिशेबात फाउलर-वुल्फची जोडी पुढे होती. मग सगळे समुद्रालगतच्या सतराव्या होलवर परतले. १२० यार्डांवरून प्रत्येकाने एकच फटका मारायचा. ज्याचा चेंडू झेंड्याच्या सर्वांत जवळ, सगळे पैसे त्याच्या जोडीचे. अंतर किरकोळ आहे. पण दिवसभर वाहणारा वारा अंगावर, खड्ड्यांनी वेढलेली अरुंद हिरवळ समोर आणि चार तास बॅग वाहून आखडलेले खांदे. वुल्फचा चेंडू झेंड्यापासून सुमारे अठरा फुटांवर थांबला. मॅकिलरॉयने मारला, तो तेरा फुटांवर. पाच फुटांच्या या फरकावर अकरा लाख डॉलर परिचारिकांच्या संस्थेकडे वळले. अंतिम हिशेब मॅकिलरॉय-जॉन्सन १८ लाख ५० हजार, फाउलर-वुल्फ ११ लाख ५० हजार. प्रेक्षकांनी घरून पाठवलेल्या देणग्या आणि बाकीचे निधी धरून एकूण रक्कम ५५ लाख डॉलरच्या वर गेली, म्हणजे चाळीस कोटी रुपयांहून जास्त.

आठवडाभराने, २४ मे रोजी, तिथून जवळच होब साउंडच्या मेडलिस्ट क्लबवर दुसरा सामना झाला. टायगर वुड्स आणि पेटन मॅनिंग विरुद्ध फिल मिकेलसन आणि टॉम ब्रेडी. मॅनिंग आणि ब्रेडी हे अमेरिकी फुटबॉलचे दिग्गज, गोल्फमध्ये हौशी. पाऊस कोसळत होता, ब्रेडीचे फटके भरकटत होते, आणि सातव्या होलवर त्याने लांबून मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. वुड्सची जोडी एका होलने जिंकली. निधी जमला दोन कोटी डॉलर, आणि केबल टीव्हीवरच्या गोल्फ प्रक्षेपणांत तो सर्वांत जास्त पाहिला गेलेला सामना ठरला, सरासरी ५८ लाख प्रेक्षक. रकमेत आणि करमणुकीत मेडलिस्टने सेमिनोलला कितीतरी मागे टाकलं. तरी पहिलं पाऊल सेमिनोलचं होतं, आणि ते काही कमी नाही. खेळाडूंना सुरक्षित ठेवून थेट सामना दाखवता येतो हे तिथे सिद्ध झालं. ११ जूनला टेक्सासमध्ये पीजीए टूर पुन्हा सुरू झाली, तीही प्रेक्षकांविना.

संकटात गोल्फने झोळी फिरवण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धात हॅरी व्हार्डनसारखे ब्रिटिश दिग्गज रेडक्रॉससाठी प्रदर्शनी सामने खेळत होते. अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षांचा बॉबी जोन्स, सोबत अलेक्सा स्टर्लिंगसारख्या तरुण मुली, गावोगाव फिरून रेडक्रॉससाठी खेळले. हाच जोन्स पुढे गोल्फचा दंतकथा झालेला खेळाडू. दुसऱ्या महायुद्धात लंडनजवळच्या रिचमंड गोल्फ क्लबने तात्पुरते नियमच छापले. बाँबवर्षाव सुरू झाला तर खेळाडूने आडोसा घ्यावा, त्याबद्दल दंड नाही. फटका मारत असतानाच बाँब फुटला तर चेंडू पुन्हा मारता येईल, पण त्याला एक फटका दंड! जोन्सने उभारलेल्या ऑगस्टा नॅशनलवर तर १९४३ ते ४५ मास्टर्स स्पर्धा बंद होती आणि मैदानावर गुरं आणि टर्की कोंबड्या पाळल्या गेल्या.

भारताकडे वळलं तर चित्र वेगळं. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान. खानदेशातल्या माणसाला मात्र गोल्फ म्हटलं की नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं. तिथे रणजी सामने होतात, सभा भरतात, मोर्चे मुक्कामाला थांबतात. त्याचं रीतसर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला १९०९ मध्ये गोळ्या घालणाऱ्या तरुणाचं. साहेबांचा खेळ गेला, जागा लोकांची झाली.

महामारीत भारतात टीव्हीवरचा असा धर्मादाय गोल्फ सामना झाला नाही, पण मदत झाली. ग्रेटर नोएडाच्या पंधरा वर्षांच्या अर्जुन भाटीने आठ वर्षांत देशोदेशी जिंकलेले १०२ चषक देऊन टाकले आणि आलेले ४ लाख ३० हजार रुपये ‘पीएम केअर्स’ निधीला दिले. सेमिनोलच्या ५५ लाख डॉलरपुढे हा आकडा चिमुकला दिसेल. पण तिथे खेळाडूंनी एक दुपार दिली आणि रक्कम प्रायोजकांची आणि प्रेक्षकांची होती. इथे मुलाने स्वतःच्या कपाटातलं सगळं काढून दिलं.

आणि कॅडी. सेमिनोलच्या त्या सुंदर रिकाम्या चित्रात जो माणूस नव्हता, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भारतातल्या गोल्फ मैदानांवर बॅगा वाहणारे कॅडी बहुतेक आसपासच्या वस्त्यांतले, फेरीमागे पैसे मिळवणारे. मैदान बंद की चूल बंद. मैदानं उघडली तेव्हाही संसर्गाच्या भीतीने कॅडींना सगळ्यांत शेवटी आत घेण्याकडेच कल होता. टीव्हीवर मॅकिलरॉयने स्वतःची बॅग उचलली, त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच्या खांद्यावरची बॅग ज्याच्या खांद्यावरून उतरली, त्याच्या घरी त्या आठवड्यात काय शिजलं असेल, याची चर्चा प्रक्षेपणाच्या चार-पाच तासांत जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. आपल्या व्यावसायिक गोल्फचा कणा मैदानावर राबणाऱ्या अशाच घरांनी घडवलाय. शिव शंकर प्रसाद चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावर गवताची निगा राखणाऱ्याचा मुलगा. तो लहानपणी त्याच मैदानात वावरत, बघत खेळ शिकला आणि पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला.

सेमिनोलचं दार त्यानंतर पुरतं मिटलं नाही. ८ आणि ९ मे २०२१ ला तिथे वॉकर कप झाला, अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड अशी हौशी खेळाडूंची जुनी लढत. कोरोनाची सगळी काळजी घेऊनही दोन्ही संघांत पोटाच्या विकाराची साथ पसरली. अमेरिकेने १४–१२ असा विजय मिळवला. ‘ड्रायव्हिंग रिलीफ’ खेळलेल्या चौघांपैकी जॉन्सनने २०२० च्या नोव्हेंबरात लांबलेली मास्टर्स जिंकली, तीही विक्रमी कमी फटक्यांत, आणि वुल्फ सप्टेंबरच्या यूएस ओपनमध्ये दुसरा आला.

भारतीयांनी गोल्फसाठी टीव्हीपुढे बसायचा दिवस सेमिनोलच्या त्या सामन्यानंतर सव्वा वर्षाने उजाडला.  ७ ऑगस्ट २०२१ ला पहाटेपासून टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांची शेवटची फेरी सुरू झाली. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या क्रमांकावरची अदिती अशोक पदकासाठी झुंजत होती. बर्डी म्हणजे काय हे आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नसलेली माणसं मोबाइलवर दर होलचा हिशेब लावत होती. मैदानात प्रेक्षक नव्हते, इथेही. अदितीचं कांस्यपदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली. चारही दिवस तिची बॅग वाहत होती तिची आई, महेश्वरी अशोक.